एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेत) डेक्कन क्वीन कधी येणार, आणि तोवर काय करायचं?

प्रश्न असा आहे: घरी एक जर्मन स्टार्टर सेट आहे, साधा ओव्हल ट्रॅक आहे, आता आपली डेक्कन क्वीन पाहिजे, पुढे डब्ल्यूसीएम-१ हे विजेचं इंजिन लावलेली. कुठली कंपनी रेडी-टू-रन, म्हणजे खोक्यातून काढून थेट रुळावर ठेवता येणारी, काढेल का, थांबावं का, आणि येत्या काही वर्षांत नवीन काय येईल अशी आशा धरावी?

इंजिनासाठी थांबू नका. डब्यांसाठी मात्र जरूर थांबा, आणि नुसतं थांबू नका, मागणी करा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी तुम्हाला कुठल्या सालची डेक्कन क्वीन पाहिजे ते ठरवा, कारण या नावाच्या निदान तीन-चार पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक (गाडीचे पूर्ण डबे-संच) होते, एक चंदेरी रंगाचा आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या होत्या आणि बॉडी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधली होती. १९६६ ला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफ डबे आले आणि रेक सातावरून बारावर गेला. मग पुढे रंग बदलत गेले, डबे वाढत गेले, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून विस्टाडोम (मोठ्या काचांचा डबा) लागला आणि २०२२ ला अख्खा रेक एलएचबी (नव्या जर्मन डिझाइनच्या डब्यांचा) झाला. डब्ल्यूसीएम-१ ही १९५४-५५ ची इंग्लिश इलेक्ट्रिक आणि व्हल्कन फाउंड्रीची इंजिनं, एकूण सातच आली. म्हणजे तुमच्या मनातली गाडी साधारण सत्तरच्या दशकातली आहे, आयसीएफ डबे आणि पुढे डीसी इंजिन. हे एकदा स्पष्ट झालं की कंपनीकडे काय मागायचं तेही स्पष्ट होतं. कारण 'डेक्कन क्वीन काढा' एवढंच लिहून पाठवलं तर समोरचा माणूस काहीच करू शकत नाही, त्याला साल लागतं, डब्याचा कोड लागतो, लिव्हरी (रंगसंगती) लागते, ड्रॉइंग लागतं.

आता इंजिनाचं गणित बघा. रेडी-टू-रन इंजिन म्हणजे बॉडीचा स्टीलचा मोल्ड, डायकास्ट चासी, गिअर टॉवर, मोटर, पीसीबी, डीकोडरचा (डिजिटल कंट्रोलच्या चिपचा) सॉकेट, छपरावरचा पँटो, हे सगळं पहिला नग विकला जायच्या आधी उभं करायचं. हा खर्च भरून निघायला त्याच साच्यातून खूप इंजिनं विकली गेली पाहिजेत आणि ती वेगवेगळ्या रंगात, वेगवेगळ्या शेडच्या नावाने, वेगवेगळ्या नंबरांनी परत परत काढता आली पाहिजेत. डब्ल्यूसीएम-१ सात, डब्ल्यूसीएम-२ बारा, डब्ल्यूसीएम-५ एकवीस. डब्ल्यूसीएम-२ आधी कलकत्त्याकडे होती, पण पुढे ही सगळी मुंबईच्या आसपासच्या १५०० व्होल्ट डीसी भागातच धावली. आपल्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा जीव त्यांच्यात अडकलाय हे खरं, माझाही अडकलाय, पण लखनौच्या किंवा विजयवाड्याच्या माणसाने ती कधी बघितलीच नाहीत, तो का घेईल?

म्हणून कुठल्याही भारतीय किंवा परदेशी कंपनीने इंजिन काढायचं ठरवलं तर ते पहिल्यांदा वॅप-७ चा विचार करणार, आणि तेच बरोबर आहे. वॅप-७ आणि वॅग-९ ची बॉडी जवळपास एकच, मुळात वॅग-९ चाच गिअर रेशो बदलून वॅप-७ झालंय, त्यामुळे एका टूलिंगमध्ये (साच्यांच्या संचात) पॅसेंजर आणि गुड्स दोन्ही निघतात, शिवाय देशभरातल्या शेडचे नंबर. एचओमध्ये लांबी जेमतेम २३६ मिमी. दुसरा नंबर डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा. वाराणसीत १९६४ पासून नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत बनत राहिलं आणि देशात जिथे ब्रॉडगेज रूळ आहे तिथे ते दिसलं. त्याला अजून एक फायदा आहे, त्याच्या पोटात अल्कोचं १६ सिलिंडरचं २५१ इंजिन, आणि तेच कुटुंब अमेरिकेतल्या सेंचुरी सिरीजमध्ये होतं, त्यामुळे साउंड डीकोडरसाठी त्या इंजिनाचा आवाज तयार रेकॉर्डिंगमध्ये मिळतो. नुसता भोंगा बदलायचा. पण तो भोंगा महत्त्वाचा आहे हो, अमेरिकन हॉर्न वाजवत डब्ल्यूडीएम-२ निघालं की सगळी मजा जाते, डोळे मिटले की आपण ओहायोत उभे. इथल्या कंपनीने काढलंच तर कृपया कुणीतरी खरा भारतीय हॉर्न रेकॉर्ड करून टाका, ही माझी कळकळीची मागणी आहे.

वंदे भारतबद्दल सगळेच विचारतात. येईल, आणि लहान मुलांमुळे खपेलही भरपूर. पण ती सेट गाडी आहे, इंजिन सुटत नाही, डबा जोडता येत नाही, शंटिंग नाही, तेव्हा लेआउट चालवणाऱ्याला त्यात फारसं हाताला लागत नाही.

आता डबे, कारण माझं खरं म्हणणं इथेच आहे.

आपली गाडी ओळखू येते ती डब्यांवरून. युरोपात इंजिन एक आणि मागे चार-पाच डबे असले तरी गाडी पूर्ण वाटते. आपल्याकडे इंजिन कितीही सुंदर असो, मागे बारा-सोळा डब्यांची ओळ नसली तर ते शेडमधून बाहेर पडून उभं राहिल्यासारखंच दिसतं. आणि सध्या बाजारात जे होतंय ते उलटं होतंय, लोक इंजिनाची मागणी करतात, कुणीतरी छोट्या बॅचमध्ये इंजिन काढतं, हौसेने घेतात आणि मग मागे जोडायला काही नाही म्हणून जर्मन डब्यांना निळा रंग मारतात.

तो रंग मारलेला जर्मन डबा का खटकतो ते एकदा पट्टी घेऊन बघा. आयसीएफ डब्याची रुंदी ३,२४५ मिमी, म्हणजे १:८७ ने ३७.३ मिमी. जर्मन डबा २,८२५ मिमी, म्हणजे ३२.५ मिमी. जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक, एचओमध्ये पाच मिमी म्हणजे डोळ्यात भरतो. लांबीला उलट आहे, जर्मन २६.४ मीटरचा डबा मॉडेलमध्ये ३०३ मिमी होतो, आपला आयसीएफ बफरसकट २५६ आणि एलएचबी साधारण २७६. म्हणजे आपला डबा आखूड आणि ढब्बू, त्यांचा लांब आणि सडपातळ. रंग कितीही जुळवला तरी ही ठेवण बदलत नाही. खिडक्या तर सोडूनच द्या. तेव्हा आयसीएफला आयसीएफच पाहिजे, दुसरा पर्याय नाही.

आणि यात कंपनीचाही फायदा आहे, हे त्यांना पटवून द्यायला हवं. आयसीएफचं डिझाइन स्विस श्लीरेनचं, १९५५ पासून २०१८ पर्यंत बनत राहिलं. छप्पर तेच, टोकं तीच, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) तीच, अंडरफ्रेम बरीचशी तीच, फक्त बाजूच्या भिंती बदलतात. मोल्ड करताना बाजूच्या भिंतींचे इन्सर्ट बदलता येतील असा मोल्ड केला की जनरल, स्लीपर, थ्री-टिअर, चेअर कार, पँट्री, एसएलआर (जनरल, सामान आणि गार्डचा एकत्र डबा) सगळं एका कुटुंबातून निघतं. आणि रंग बघा, जुना मरून, मग निळा, मग उत्कृष्टचा, शिवाय खास गाड्यांचे वेगळे. एका डब्याच्या साच्यावर वीस वर्षं धंदा करता येईल. इंजिन माणूस एक घेतो, डबे बारा घेतो.

डबा चांगला की वाईट हे मी तीन ठिकाणी बघून ठरवतो. पहिलं म्हणजे स्लीपरच्या खिडकीचे आडवे गज. खरा गज दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, १:८७ ने ०.१४ मिमीच्या आतबाहेर, म्हणजे जाड केसाएवढा. प्लॅस्टिकमध्ये एवढं बारीक मोल्ड होत नाही, केलंच तर जेलच्या खिडकीसारखं जाड दिसतं. त्यामुळे एक तर पारदर्शक काचेवर पॅड प्रिंटिंगने (मऊ शिक्क्याने छापून) गज छापायचे किंवा पितळेचं फोटोएच केलेलं (पातळ पत्रा रसायनाने कोरून केलेलं) जाळं आतून लावायचं. छापलेले गज दोन फुटांवरून छान दिसतात, पण तिरक्या नजरेने बघितलं की काचेच्या चकाकीत विरतात. पितळेचे गज कुठूनही बघा, गजच दिसतात, आणि आतून दिवा लावला की त्यांची सावली सीटवर पडते, ते बघून मी अजूनही हातातलं काम सोडून बसतो. दुसरं म्हणजे दोन डब्यांमधलं अंतर. कपलरला एनईएम सॉकेट (कपलर बदलता येणारी प्रमाणित खाच) आणि कायनेमॅटिक क्लोज कपलिंग असेल तर सरळ रुळावर व्हेस्टिब्यूल (दोन डब्यांमधले जोडमार्ग) जवळपास चिकटतात आणि कर्व्हवर आपोआप लांब होतात, नसेल तर दोन डब्यांत बोट घालण्याएवढी फट राहते आणि रेक तुटक दिसतो. तिसरं, बोगी. आयसीएफच्या बोगीत कॉइल स्प्रिंग बाहेरून दिसतात, त्या नीट खोल आणि वेगळ्या दिसल्या पाहिजेत, एलएचबीच्या फियाट बोगीवर आयसीएफ बॉडी बसवून विकणं हे चालवून घेऊ नका.

गेजचं काय, हा वाद दरवेळी निघतो. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमी, १:८७ ने १९.३ मिमी व्हायला हवं, आणि एचओचा रूळ १६.५ चा. पावणेतीन मिमीने गाडी अरुंद पायावर उभी दिसते, खरंय. काही जण म्हणतात भारतीय मॉडेल काढायची तर रूळ पण १९ मिमीचा काढा. मी याच्या ठाम विरोधात आहे. स्पेनचं गेज १,६६८, आपल्यापेक्षा आठ मिमी कमी फक्त, आणि स्पॅनिश लोक वर्षानुवर्षं आपली मॉडेल्स १६.५ च्या रुळावर चालवतात, तिथे इलेक्ट्रोट्रेनसारखा ब्रँड त्यावर उभा आहे. आयर्लंडचं १,६०० चं गेज, तिथेही तेच. वेगळा रूळ काढला की पॉइंट वेगळे, चाकं वेगळी, जगातला बाकी सगळा बाजार बंद, आणि नवीन माणूस दारातूनच परत जातो. बोगीच्या बाजूच्या फ्रेम थोड्या बाहेर घेतल्या की अर्ध्याहून जास्त फरक डोळ्यांना जाणवत नाही.

आयर्लंडचं उदाहरण आपल्यासाठी फार चांगलं आहे. छोटा देश, वेगळं गेज, मोठ्या कंपन्यांना त्यांच्यात रस नव्हता, तिथले लोकही ब्रिटिश इंजिनांना रंग मारूनच दिवस काढत होते. मग मर्फी मॉडेल्सने त्यांची जनरल मोटर्सची डिझेल काढली, पुढे आयरिश रेल्वे मॉडेल्सने वॅगनी आणि अजून इंजिनं काढली, आणि आज तिथे पूर्ण आयरिश गाडी दुकानातून आणून रुळावर ठेवता येते. हे झालं कारण लोकांनी प्री-ऑर्डरला पैसे ठेवले. आपल्याकडे मागणी करणारे शंभर आणि ऑर्डरच्या वेळी पाच असं होतं, आणि मग पुढची बॅच येत नाही.

इथे बनवता येईल का, तर येईल. भोसरी-चाकणच्या टूलरूम गाड्यांच्या पार्टचे जे मोल्ड करतात त्यांच्यापुढे डब्याचा मोल्ड अवघड नाही. अडतं ते बारीक कामात, चार रंगांची अचूक पॅड प्रिंटिंग, मिलिमीटरभर अक्षरं, छोटे गिअर, हाताने जोडणी. डब्यात गिअर नाहीत, मोटर नाही, म्हणूनही मी म्हणतो आपल्या कंपन्यांनी डब्यापासून सुरुवात करावी, हात बसेल. आणि बाहेरून मागवणं दिवसेंदिवस परवडेनासं झालंय, २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ ला ७० झाली, आणि स्केल मॉडेल त्याच शीर्षकाखाली येतात. दुखतं, पण इथल्या बनवणाऱ्याला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

डब्यांमध्ये माझी सगळ्यात आवडती मागणी ऐकून काही जणांना नवल वाटेल: मुंबईची लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून या गाडीने मुंबई चालवली, आणि दुकानात तिचं धड मॉडेल नाही. लोकलची बॉडी १२ फूट रुंद, ३,६५८ मिमी, एचओमध्ये ४२ मिमी, एवढी रुंद लोकल युरोपात नाही त्यामुळे कशाला रंग मारून ती होत नाही, ती मुळापासूनच बनवावी लागते. पण विकायला बघा किती सोपी आहे. तीन डब्यांचा एक पॅक काढा, त्यात मोटर कोच एक. ज्याची जागा लहान त्याने तीन डबे शेल्फवर चालवावेत, ज्याची मोठी त्याने चार पॅक जोडून बारा डबा करावी. जुनी डीसीची पिवळी-तपकिरी, सीमेन्सची जांभळी-पांढरी, दोन्हींची पिढी आज कमावती आहे. डोंबिवली-विरारपासून ते न्यू जर्सीपर्यंत जिथे जिथे मुंबईकर आहे तिथे हा पॅक जाईल. दारात लटकणारी माणसं वेगळी पाकिटात द्या, ती आम्ही चिकटवू.

आता तुमची राणी. २०३० च्या १ जूनला डेक्कन क्वीनला शंभर वर्षं होतील. मॉडेल कंपन्या अशा तारखा धरून काम करतात, २०२३ ला फ्लाइंग स्कॉट्समनची शताब्दी होती तेव्हा हॉर्नबीने खास आवृत्त्या काढल्याच. संशोधन, ड्रॉइंग, टूलिंग, सॅम्पल, दुरुस्त्या, प्रॉडक्शन, यात सहज दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे २०३० ला हातात पाहिजे असेल तर मागणी २०२९ ला करून चालणार नाही, आत्ताच करावी लागेल. आणि मागायचं काय तर माझ्या मते १९३० चा मूळ रेक. सातच डबे, म्हणजे एका खोक्यात मावणारा सेट, घराच्या लेआउटवर पूर्ण गाडी बसते. एकाच टूलिंगवर दोन रंग, चंदेरी-लाल आणि निळा-सोनेरी, दोन्ही घ्यायला लावणारे. डायनिंग कार त्यात, आतले टेबल-दिवे लावले तर काय दिसेल! पुढे जीआयपीचं ईए/१, जे नंतर डब्ल्यूसीपी-१ झालं. ते इंजिन छोट्या बॅचमध्ये पितळ किंवा रेझिन प्रिंट बॉडी आणि तयार पॉवर चासी असं निघू शकतं, त्याला मोठ्या कंपनीची वाट बघायची गरज नाही. 'खेकडा' म्हणतात त्या डब्ल्यूसीजी-१ चंही तसंच, त्याची ४१ इंजिनं आली होती, स्विस क्रोकोडाइलच्या जातीची, जॅकशाफ्ट आणि साइड रॉड (चाकं फिरवणारे दांडे) असलेली. स्विस क्रोकोडाइल मार्कलिनने कितीतरी वेळा काढलंय, आपला खेकडा निघाला तर जर्मन-स्विस माणूसही कुतूहलाने घेईल असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या डब्ल्यूसीएम-१ चं उत्तरही हेच, रेझिनची थ्रीडी प्रिंट बॉडी आणि एखादी को-को (तीन-तीन चाकजोड्यांच्या दोन बोगींची) चासी. प्रिंट घेताना बॉडी आडवी ठेवून काढलेली घेऊ नका, छपरावर लेअरच्या रेघा येतात आणि त्या घासताना रिव्हेट जातात. तिरपी काढलेली मागा. चासी घेताना बोगीचा व्हीलबेस मोजून घ्या, नाव बघून नाही.

लांबीचं बोलायचं तर आजचा सोळा डब्यांचा एलएचबी रेक वॅप-७ सकट ४.६५ मीटर होतो, म्हणजे बहुतेक बेडरूमपेक्षा लांब, आणि स्टार्टर सेटच्या ३६० मिमीच्या कर्व्हवर हे डबे बाहेर लोंबतात. निदान ६०० च्या वर कर्व्ह ठेवा. घाट करायचा मोह होईल, होऊ द्या, पण खरा बोरघाट ३७ ला १ आहे म्हणजे २.७ टक्के, आणि मॉडेलमध्येही बारा डबे त्या चढावर एका इंजिनाला ओढत नाहीत, चाकं जागेवर फिरतात. कर्जतला लावतात तसा मागे बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावा, डीसीसीमध्ये (डिजिटल कंट्रोलमध्ये) दोन्ही इंजिनांचा वेग आधी रिकाम्या रुळावर जुळवून घ्या, नाहीतर मागचं इंजिन जोर करून मधले डबे कर्व्हवर उचलून टाकतं.

आत्ता करायचं ते एवढंच: कुणीही आयसीएफ किंवा एलएचबी डबे काढले की पहिल्या बॅचला घ्या, आणि घेताना एसएलआर आहे का ते पहिलं विचारा. स्लीपर आणि थ्री-टिअर सगळे काढतात, एसएलआर शेवटी येतो नाहीतर येतच नाही, आणि दोन टोकांना ते नसले की रेक पुरा होत नाही. तो यादीत नसेल तर ऑर्डरच्या मेलमध्येच लिहा की एसएलआर काढलात तर अजून इतके डबे घेतो, आकडा लिहा, आकड्याला उत्तर येतं. आणि खोलीची लांबी-रुंदी, दार कुठे उघडतं ते इथे टाका, म्हणजे सात डब्यांचा लूप बसतो की शेल्फवर लोकलच करायची ते बघून सांगतो.